केशिदेव दुसरा

केशिदेव दुसरा (लेखांवरून ज्ञात राज्यकाळ: इ. स. १२०३ ते इ. स. १२४०) हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील राजा होता. अपरार्क या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या अपरादित्य दुसरा याचा तो पुत्र. त्याचा राज्यकाळ किमान छत्तीस वर्षांचा असून या घराण्यातील दीर्घ राज्यकाळांत त्याची गणना होते. त्याच्या कारकिर्दीतील एकाही युद्धाचा उल्लेख उपलब्ध लेखांत नाही. त्याच्याविषयीची माहिती मुख्यतः दानलेखांतून मिळते. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा लेख ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, लोनाडजवळील चौधरपाडा येथे सापडला आहे.

घराणे आणि प्रदेश

शिलाहारांची तीन प्रमुख घराणी होती. एक उत्तर कोकणात, दुसरे दक्षिण कोकणात आणि तिसरे कोल्हापूर परिसरात राज्य करीत होते. ही घराणी स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत. गरुडाला वाचविण्यासाठी नव्हे, तर गरुडाच्या भक्ष्यस्थानी पडणाऱ्या नागाला वाचविण्यासाठी ज्याने स्वतःचा देह शिळेवर अर्पण केला, तो हा कथानायक जीमूतवाहन होय. ‘तगरपुरपरमेश्वर’ हे त्यांचे एक बिरुद होते. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर.

उत्तर कोकणचे शिलाहार प्रारंभी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. पहिला कपर्दी हा या शाखेचा आद्य राजा मानला जातो. नवव्या शतकातील पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी यांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. पुरीप्रमुख चौदाशे गावांचा प्रदेश असे त्यांच्या राज्याचे वर्णन लेखांत येते. पुरी ही मूळ राजधानी होती. तिच्या स्थाननिश्चितीविषयी मतभेद आहेत. पुढे स्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे राज्याचे प्रमुख केंद्र झाले. शूर्पारक (सोपारा) आणि चेमूल्य (चौल) ही राज्यातील प्रसिद्ध बंदरे होती. अनंतदेव पहिला याच्या शके १०१६ मधील खारेपाटण ताम्रपटात या बंदरांत येणाऱ्या विशिष्ट व्यक्तींच्या जहाजांना जकात माफ केल्याचा उल्लेख आहे. शेतसाऱ्याबरोबर सागरी व्यापारावरील जकात हाही या राज्याच्या उत्पन्नाचा भाग होता, हे त्यावरून कळते.

अंबरनाथचे शिवमंदिर ही या घराण्याची सर्वांत परिचित वास्तू आहे. तेथील लेख शके ९८२ (इ. स. १०६०) मधील असून तो मुम्मुणी राजाच्या काळातील आहे.

केशिदेवापूर्वीची परिस्थिती

केशिदेवाच्या राज्यकाळाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी त्याच्या आधीच्या अर्धशतकाकडे पाहावे लागते. बाराव्या शतकाच्या मध्यास मल्लिकार्जुन हा शिलाहार राजा राज्य करीत होता. त्याचे लेख शके १०७८ (इ. स. ११५६) आणि शके १०८२ (इ. स. ११६०) मधील आहेत. गुजरातचा चौलुक्य राजा कुमारपाल याच्याशी त्याचा संघर्ष झाला. मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’ या ग्रंथातील कथेप्रमाणे मल्लिकार्जुनाचे ‘राजपितामह’ हे बिरुद ऐकून कुमारपाल संतप्त झाला. त्याने आंबड या सेनापतीला कोकणावर पाठविले. पहिल्या स्वारीत आंबडाचा पराभव झाला. दुसऱ्या स्वारीत मल्लिकार्जुन मारला गेला. हा ग्रंथ घटनेनंतर सुमारे दीड शतकाने लिहिला गेला असल्याने त्यातील तपशील जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. तरीही चौलुक्यांकडून शिलाहारांना मोठा धक्का बसला होता, हे इतिहासकारांना मान्य आहे.

मल्लिकार्जुनानंतर आलेल्या अपरादित्य दुसरा याने राज्य सावरले. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता या सुमारास मोडकळीस आली होती. त्या स्थितीचा लाभ घेऊन अपरादित्याने ‘महाराजाधिराज’ आणि ‘कोकणचक्रवर्ती’ अशी स्वतंत्र राजाला शोभणारी बिरुदे धारण केली. त्याचे लेख लोनाड (शके ११०६, इ. स. ११८४) आणि परळ (शके ११०८) येथे मिळाले आहेत. परळच्या लेखातील शापवचन मराठीत आहे.

‘याज्ञवल्क्यस्मृती’वरील ‘अपरार्क’ या प्रसिद्ध टीकेचा कर्ता म्हणून कधीकधी केशिदेवाच्या पित्याचा उल्लेख होतो. परंतु ही टीका बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील अपरादित्य पहिला याची असल्याचे सामान्यतः मानले जाते. दोन्ही राजांच्या नावसाम्यामुळे हा घोटाळा होतो.

राज्यारोहण

दिवेआगर येथील शके ११२० (इ. स. ११९८) च्या लेखात अनंतदेव दुसरा हा राजा दिसतो. त्यानंतरचा शके ११२५ (इ. स. १२०३) मधील लेख वसई तालुक्यातील मांडवी येथील असून तो केशिदेवाचा आहे. यावरून केशिदेव इ. स. ११९८ ते १२०३ या दरम्यान गादीवर आला असे ठरते. घराण्यात केशिदेव हे नाव त्यापूर्वीही आढळते. अकराव्या शतकाच्या आरंभीचा अरिकेसरी हा राजा केशिदेव या नावानेही ओळखला जाई. म्हणून तेराव्या शतकातील राजाला ‘केशिदेव दुसरा’ म्हणतात.

चौधरपाडा शिलालेख

भिवंडीच्या पूर्वेला असलेल्या लोनाड गावाजवळ चौधरपाडा ही वस्ती आहे. तेथील शिलालेखावर शके ११६१, विकारी संवत्सर, माघ वद्य चतुर्दशी, मंगळवार असा काळ दिला आहे. त्या दिवशी महाशिवरात्र होती. इसवी सनाप्रमाणे हा दिवस २४ जानेवारी १२४० होय. काही पुस्तकांत या लेखाचे वर्ष इ. स. १२३९ असे छापलेले आढळते. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. त्यामुळे शकाच्या आकड्यात चैत्र ते मार्गशीर्ष या काळासाठी साधारणतः ७८, आणि वर्षअखेरच्या माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात. शके ११६१ चा माघ महिना म्हणूनच इ. स. १२४० मध्ये पडतो.

लेखात केशिदेव अपरार्काचा पुत्र असल्याचे सांगितले आहे. शिवाच्या उपासनेत रत असलेल्या कवी सोमण याला राजाने ब्रह्मपुरी हे गाव दान दिले, हा लेखाचा मुख्य विषय आहे. ब्रह्मपुरी शिवमंदिरांमुळे रमणीय असल्याचे वर्णन त्यात येते. बापग्रामातील माजसपल्ली हा पाडाही दान देण्यात आला. बापग्राम म्हणजे लोनाडजवळचे आजचे बापगाव. माजसपल्ली हे लोनाडच्याच एखाद्या वाडीचे जुने नाव असावे, असे अभ्यासक मानतात.

ब्रह्मपुरी नावाचे गाव आज या परिसरात नाही. लोनाडपासून काही अंतरावर रामेश्वराचे जुने, पडझड झालेले शिवमंदिर आहे. त्याच्या मंडपातील कोरीव खांब जुन्या घडणीचे आहेत. येथील शिवमंदिरांच्या समूहालाच ब्रह्मपुरी हे नाव असावे आणि रामेश्वर मंदिर हा त्याचा उरलेला अवशेष असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. सात-आठ शतकांत एका दानगावाचे नाव पुसले गेले, तर शेजारच्या बापगावाचे नाव किरकोळ बदलाने टिकून राहिले.

अक्षी शिलालेख आणि कालनिर्णयाचा वाद

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळील अक्षी येथील शिलालेखात ‘पश्चिमसमुद्राधिपती’ आणि ‘कोकणचक्रवर्ती’ अशा बिरुदांसह केशिदेवरायाचा उल्लेख आहे. त्याच्या महाप्रधानाचे नाव भइर्जू सेणुई असे दिले आहे. महालक्ष्मी देवीच्या बोडणासाठी दर शुक्रवारी नऊ कुवली धान्य देण्याची व्यवस्था या लेखात केली आहे, असा त्याचा अर्थ लावतात. बोडण हा देवीचा कुळाचार, तर कुवली हे धान्याचे जुने माप आहे.

लेखाची भाषा मराठी असल्याने त्याचा काळ हा केवळ एका राजाच्या चरित्राचा प्रश्न राहत नाही. शं. गो. तुळपुळे यांनी लेखातील वर्ष शके ९३४ (इ. स. १०१२) असे वाचले. हे वाचन स्वीकारल्यास अक्षीचा लेख मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात कालोल्लेखित शिलालेखांत अग्रस्थानी येतो आणि त्यातील केशिदेव म्हणजे अरिकेसरी ठरतो. अन्य काही अभ्यासकांनी हे वर्ष शके ११३२ (इ. स. १२१०) असे वाचले आहे. तसे असल्यास तो केशिदेव दुसरा होय.

दोन्ही बाजूंना आधार आहेत. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे लेखात परिधावी संवत्सराचा निर्देश असून शके ९३४ मध्ये परिधावी संवत्सरच होते. शके ११३२ मध्ये मात्र प्रमोद संवत्सर होते. उलट, अरिकेसरीचा ठाणे ताम्रपट शके ९३९ (इ. स. १०१७) मधील आहे आणि त्याच्या काळात शिलाहार राजे ‘महामंडलेश्वर’ हे मांडलिकाचे पद लावीत. ‘कोकणचक्रवर्ती’ हे बिरुद अपरादित्य दुसरा याच्या काळाशी अधिक जुळते आणि त्याच्या पुत्राने ते पुढे चालविणे स्वाभाविक आहे. अक्षर झिजलेल्या शिळेवरील आकड्यांच्या वाचनावर हा वाद अवलंबून आहे. त्यामुळे केशिदेव दुसरा याच्या चरित्रासाठी मांडवी आणि चौधरपाडा येथील लेख हाच निश्चित आधार मानावा लागतो.

दानाचे स्वरूप आणि गधेगळ

मध्ययुगीन लेखांतील ‘गाव दान दिले’ या शब्दांचा अर्थ गावातील लोकांना तेथून हलविले असा होत नाही. गावाकडून राजाला मिळणारा सारा आणि इतर उत्पन्न दान घेणाऱ्याकडे वळविले जाई. सीमा नेमून दिल्या जात आणि राजाच्या अधिकाऱ्यांनी त्या गावाच्या उत्पन्नात हात घालू नये असे बजावले जाई. सूर्य आणि चंद्र असेपर्यंत, म्हणजे ‘आचंद्रार्क’, हे दान चालावे अशी अपेक्षा असे. शेतकऱ्याची कसणूक पूर्वीप्रमाणेच चालू राही. त्याचा वाटा कोणाच्या कोठारात जावा एवढे बदले. दानलेख धार्मिक असले तरी ते महसूल व्यवस्थेचेही दस्तऐवज ठरतात, ते यामुळेच.

ही व्यवस्था मोडू नये यासाठी कोकणात ‘गधेगळ’ किंवा ‘गद्धेगाळ’ प्रकारच्या शिळा उभारीत. चौधरपाड्याची शिळा याच प्रकारातील आहे. अशा शिळेच्या माथ्यावर सामान्यतः सूर्य-चंद्र कोरलेले असतात, मध्यभागी लेख असतो आणि तळाशी गाढव व स्त्री यांचे शापदृश्य असते. दान मोडणाऱ्याच्या कुळातील स्त्रीची अशी विटंबना होईल, असा त्या दृश्याचा अर्थ आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ही ताकीद चित्रावरून कळत असे. आजच्या दृष्टीने हा शाप अश्लील आणि स्त्रीला अपमानित करणारा आहे. अपराध पुरुषाचा आणि विटंबना स्त्रीची, अशी त्यामागील समाजधारणा त्यातून उघड होते. राजाचे सामर्थ्य पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचणार नाही, याची जाणीवही त्यात दिसते. राजा गेल्यानंतर दानाचे रक्षण शापानेच करावयाचे होते.

लोनाड परिसर आणि शिलाहार

केशिदेवाने दानासाठी लोनाडचा परिसर निवडला, त्याला जुनी परंपरा होती. लोनाडच्या डोंगरात बौद्ध लेणे आहे. तेथे आज खांडेश्वरी देवीचे स्थान आहे. अपराजित राजाच्या शके ९१९ (इ. स. ९९७) मधील ताम्रपटाप्रमाणे भिवंडी तालुक्यातील भादाणे हे गाव लवणेतट येथील लोणादित्य या देवाच्या पूजेसाठी दान दिले गेले. लवणेतट म्हणजेच लोनाड होय. याच ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या अस्ताबद्दल खेदही व्यक्त केला आहे. पुढे अपरादित्य दुसरा याचा इ. स. ११८४ चा लेख आणि त्याच्या पुत्राचा इ. स. १२४० चा लेखही याच परिसरात कोरला गेला. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकापर्यंत सुमारे अडीचशे वर्षे हे स्थान राजघराण्याच्या दानधर्माशी जोडलेले होते. बौद्ध लेणे, आदित्याचे देवस्थान आणि शिवमंदिरे असा तिथला क्रम आहे.

शेजारी सत्ता

केशिदेवाच्या काळात उत्तर कोकणच्या दोन्ही बाजूंना बलाढ्य सत्ता होत्या. उत्तरेला गुजरातेत चौलुक्य भीमदेव दुसरा (इ. स. ११७८–१२४१) राज्य करीत होता. घोरी आणि नंतर कुतुबुद्दीन ऐबक यांच्या स्वाऱ्या, तसेच प्रबळ झालेले सामंत यांमुळे त्याची सत्ता दुबळी झाली होती. ज्या सत्तेने मल्लिकार्जुनाचा अंत केला, तिला आता कोकणाकडे पाहण्यास उसंत नव्हती.

पूर्वेला सह्याद्रीपलीकडे देवगिरीचा यादव राजा सिंघण दुसरा हा दख्खनमधील सर्वांत प्रबळ राजा होता. त्याने सुमारे इ. स. १२१२ मध्ये कोल्हापूरच्या शिलाहार भोज दुसरा याचा पराभव करून ते राज्य खालसा केले. माळवा आणि गुजरातवरही त्याने स्वाऱ्या केल्या. दक्षिणेत होयसळांशी त्याचे युद्ध झाले. कोल्हापूरची भाऊबंद शाखा संपुष्टात आली असताना ठाण्याची शाखा मात्र टिकून राहिली. सिंघणाचे लक्ष सुपीक दक्षिण प्रदेश आणि गुजरातकडे असणे, मध्ये सह्याद्रीची भिंत असणे आणि कोकणच्या राजाने कोणाविरुद्ध आक्रमक धोरण न स्वीकारणे ही कारणे यामागे संभवतात.

शांततेचे मूल्यमापन

केशिदेवाचा काळ शांततेचा होता, हे मत तीन गोष्टींवर आधारलेले आहे. त्याचा राज्यकाळ दीर्घ होता; त्याचे निश्चित लेख राज्याच्या वायव्य भागातील मांडवीपासून लोनाडपर्यंत मिळतात; आणि त्याच्यावर विजय मिळविल्याचा दावा करणारी समकालीन परकीय प्रशस्ती ज्ञात नाही. मध्ययुगीन राजे आपले विजय मोठ्या अभिमानाने कोरून ठेवीत. मल्लिकार्जुनाचा पराभव गुजरातच्या ग्रंथकारांनी, तर सोमेश्वराचा यादवांच्या प्रशस्तिकारांनी नोंदविला. या दोहोंच्या मधल्या केशिदेवाविषयी शेजाऱ्यांनी काहीही लिहिले नाही, हे सूचक आहे.

तथापि अनुल्लेख हा पूर्ण पुरावा नव्हे. दोन निश्चित लेखांमध्ये छत्तीस वर्षांचे अंतर आहे आणि लेखांचा हेतू दान नोंदविण्याचा होता, राज्याचा इतिहास सांगण्याचा नव्हता. त्यामुळे त्या काळात लहानमोठी चकमक झालीच नसेल असे म्हणता येत नाही. शिलाहारांचे राज्य इ. स. १२०३ मध्ये होते तसेच इ. स. १२४० मध्येही होते आणि त्या वर्षी राजा आपल्या अधिकारात गाव दान देऊ शकत होता, एवढे मात्र निश्चित सांगता येते. आधीच्या आणि नंतरच्या घटना पाहता हे यश लहान नाही.

उत्तराधिकारी आणि राज्याचा अंत

केशिदेवानंतर अनंतदेव तिसरा आणि त्यानंतर सोमेश्वर हे राजे झाले. सोमेश्वराचे लेख उरण परिसरातील रानवड (शके ११८१, इ. स. १२५९) आणि चांजे (शके ११८२, इ. स. १२६०) येथे मिळाले आहेत. त्याच्या काळात यादव राजा महादेव याने कोकणावर स्वारी केली. जमिनीवर पराभव झाल्यावर सोमेश्वराने समुद्राचा आश्रय घेतला आणि तेथेच त्याचा अंत झाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीतून कळते. मुंबईत बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली आहेत. ती याच युद्धाची असावीत असे काही अभ्यासक मानतात. केशिदेवाच्या शेवटच्या ज्ञात लेखानंतर तीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सुमारे साडेचारशे वर्षांचे हे राज्य यादवांच्या ताब्यात गेले.

ऐतिहासिक महत्त्व

केशिदेवाच्या नावावर मोठे मंदिर, ग्रंथ किंवा विजय नोंदलेला नाही. मुम्मुणीची आठवण अंबरनाथमुळे, अपरादित्य पहिला याची धर्मशास्त्रातील टीकेमुळे आणि सोमेश्वराची समुद्रातील शेवटामुळे राहिली. शालेय इतिहासात केशिदेवाला सहसा स्थान मिळत नाही. तरीही भिवंडी आणि कल्याण परिसराच्या स्थानिक इतिहासासाठी त्याचा लेख मोलाचा आहे. गावांची जुनी नावे, शैव उपासनेचे केंद्र, कवीला मिळालेला राजाश्रय आणि महसूल दानाची पद्धत यांची माहिती त्यातून मिळते.

भिवंडी तालुका आज यंत्रमाग आणि गोदामांसाठी ओळखला जातो आणि शेतजमिनीचा वापर तेथे झपाट्याने बदलत आहे. कोकणातील अनेक गधेगळ शिळा उघड्यावर, शेताच्या बांधावर किंवा देवळाजवळ आहेत. ऊन-पावसाने त्यांवरील अक्षरे झिजतात आणि शापदृश्यामुळे कित्येकदा त्या अशुभ समजून दुर्लक्षिल्या जातात. ब्रह्मपुरी गावाचे अस्तित्व एका शिळेवरील मजकुरामुळेच ज्ञात आहे. अशा शिळांचे जागेवर जतन करणे, त्यांचे ठसे घेणे आणि छायाचित्रांसह नोंद ठेवणे हे त्या त्या गावाच्या इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.